मण्यार बिनविषारी छापली गेली

गोरखपूर मोहल्ला, जबलपूर

प्रिय दादा,

सापांवरच्या त्या इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद मी केला आणि नाव तुझं छापलं. प्रकाशक म्हणाले होते, "अनुवादकाला कोण ओळखतं, ताई? डॉक्टरांचं नाव पाहिजे." तू हो म्हणालास, म्हणून वर्षभर मी तुझ्याशी बोलले नाही.

परवा पेपरात वाचलं, पुस्तकात मण्यारीला बिनविषारी म्हटलंय. माझं हस्तलिखित काढून पाहिलं. चूक माझीच होती. पण डॉक्टर असून हे कसं, असं तुलाच विचारलेलं वाचून क्षणभर मला बरं वाटलं. हे फोनवर सांगता आलं नाही.

फोनवर मी एवढंच म्हटलं, "काहून ऐकून घेऊन राहिला तू? सांग ना, अनुवाद बहिणीचा आहे."

तू म्हणालास, "नाव माझं आहे ना, बेबी? मग बोलणी मीच खाईन."

प्रकाशकांना म्हटलं, पुस्तकं परत मागवा, शुद्धिपत्रकात माझं नाव घाला. ते म्हणाले, "मागवतो. पण शुद्धिपत्रकात अनुवादकाचं नाव कोणी देत नाही, ताई."

म्हणून आज मीच पेपरला खुलासा पाठवला. हे पत्र तुला आधी मिळालं असतं, तर तू मला अडवलं असतंस. खुलाशाखाली सहीपुढे 'अनुवादक' असं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, आणि लिहिताना लाज वाटली.

तुझीच,
बेबी