बाप्पाच्या पत्त्यावर बोंबील

जोहे, तालुका पेण
ऑगस्ट १९९९

प्रिय भूमिके,

अक्षर ओळखलंस तरी गप वाच. मी सांगते, लिहिणारा लिहितो. त्याला ताकीद दिलीय, आपल्या मनाचं घुसडायचं नाय आणि माझं गाळायचं नाय.

इकडे सगळं बरं हाय. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाय, जिथं बघावं तिथं गणपती सुकतायत. माझे गुडघे तेवढे रुसलेत, पण तुझ्या बापाइतके नाय.

परवा रोह्याचे मुसाभाई आले होते, सुक्या मासळीवाले. अजून हसतात गो! तू तिकडे रोह्यात कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला बसून आपल्या कारखान्याला नि त्यांच्या दुकानाला ई-मेलचा आपापला पत्ता करून दिलास, त्याचं मला कोण कौतुक. यंत्र एकच, पण बाहेरच्याला वाटावं दोन वेगळी घरं. जुन्या यंत्रावर चाललंही झकास. मग तुझ्या कॉम्प्युटरवाल्या दुकानाने नवं यंत्र आणलं आणि तू जुनी मांडणी जशीच्या तशी त्यावर बसवलीस. जुनं आधी घर बघायचं, मग नाव; नवं नुसतं नाव बघायला लागलं. दोन्ही घरच्या टपालपेटीचं नाव 'ऑर्डर'. झालं! दुबईच्या मंडळाची बारा गणपतींची मागणी गेली मुसाभाईंकडे, आणि तुझ्या बापाकडे छापील कागदावर मागणी आली, वीस किलो बोंबील, चांगले कडक पाठवा. तीही तो अंघोळ करून, गंध लावून रंगाला बसलेला असताना. त्याच तिरमिरीत तो तुला फोनवर बोलला, तू आणि तुझं यंत्र, दोघं रोह्यालाच राहा. तूही त्याचीच पोर, राहिलीस. आषाढ गेला, श्रावण आला.

अगो, मला विचारायचं होतंस. या गावात आम्ही तिघी रंभा. दत्तात्रेय पोस्टमन कार्ड हातात धरून आधी विचारतो, कुणाच्या घरची रंभा? नाहीतर खालच्या आळीतल्या रंभेच्या जावेची भानगड मी ऐकत बसले असते. (एकदा ऐकलीय. मजा आली.) मुसाभाई म्हणाले, आता नव्या यंत्राच्या यादीत तू प्रत्येक नावापुढे घरही लिहिलंस, एकही कागद चुकत नाय. दुबईची मागणी तर ते तेव्हाच एसटीने स्वतः घेऊन आले होते. बारा गणपती कधीच बोटीत बसले. म्हणजे बिघडलं काय? बापाचं तोंड तेवढं वाकडं झालं, ते सरळ व्हायचं राहिलं.

दरवर्षी घरच्या गणपतीचे डोळे तू आखतेस. यंदा सगळ्या मूर्तींचे डोळे झाले, तोच एक कोपऱ्यात फडक्याखाली बिनडोळ्यांचा बसलाय. कुणी कुंचला घेऊन जवळ गेलं की तुझा बाप खेकसतो. तुला स्वतः बोलावलं तर त्याची मिशी गळून पडेल, म्हणून मीच त्याला हे पत्र लिहायला बसवलं. व्हय, लिहिणारा तोच. मिशीपाशी पेन थांबलं होतं, मी पाठीत बोट खुपसलं. खाली एका ओळीची जागा त्याला सोडलीय. काय लिहील ते मला वाचता यायचं नाय. तूच येऊन वाचून दाखव.

तुझीच,
रंभाआजी
(अंगठा माझाच हाय, कुणाच्या घरची ते विचारू नकोस.)

शनिवारी सकाळी पेण स्टँडवर उभा असेन. दहाच्या गाडीने ये. — बाबा