चपलेचा अंगठा

मंगळवार, संध्याकाळ. फुलपाडा.

आणि परत आबांचं तेच, चपलेला पैसे पाठव. सकाळी फोनवर तोडून बोललो, "पैसे आले की गुत्त्यावर जाणार. पिऊन पिऊनच पाय सुजतो तुमचा." दिवाळीला गावी गेलो तर त्यांनी नव्या चपलेचा अंगठा कापून टाकलेला, दुखतो म्हणून. तेव्हाही हेच बोललो, पाहुण्यांसमोर. आबा एवढंच म्हणाले, "न्हाई रं बाळा, थेंब घेत न्हाई."

आज दुपारी माझ्याच पायाचा अंगठा टम्म. लालभडक. कारखान्यात मशीनपुढे उभं राहवेना म्हणून तुळिंजला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, "बिअर? मटण? कोल्ड्रिंक?" सगळ्याला हो. "घरात कुणाला असं होतं?" मी पटकन नाही म्हणालो. का म्हणालो?

डॉक्टर म्हणाले, "गाऊट दिसतोय, युरिक अ‍ॅसिडनं सांधा सुजतो. रक्त तपासू. दारूनं वाढतो, पण घराण्यातूनही येतो, बीपीच्या काही गोळ्यांनीही होतो. न पिणाऱ्यालाही."

बीपीची गोळी आबा रोज घेतात. पिणारा मी.

"वडिलांना आहे," खाली बघत बोललो.

डॉक्टर हसले. "मग वडिलांची जमीन मिळेल तेव्हा मिळेल, हा वाटा आधी मिळाला. त्यांनाही दाखव."

खोलीवर येऊन पहिलं काम केलं, कात्री घेतली आणि माझ्या चपलेचा अंगठा कापला. पाहुण्यांसमोर बोललो होतो. आबांना फोन लावायचं तोंड नाही. त्यांच्या चपलेचे आठशे, त्यांना डॉक्टरला दाखवायचे बाराशे. दोन हजार पाठवतोय.