रविवारी धुतलेले पाय

२ नोव्हें., रवि.
कापसाची वेचणी उरकली, म्हणून घनसावंगीहून जीपनं जालन्याला आले. दीड महिन्यानं. माय इथल्या वृद्धाश्रमात. धाकटा सुरेश दर रविवारी भेटतो, फोनवर सांगतो, "अक्का, माय मजेत हाय." मायचे पाय तर चकचकीत, तेल चोपडलेले, नखं कापलेली. मी गाऊन बदलायला चादर काढली अन्...
माकडहाडावर जखम. माझी मूठ जाईल एवढी. वास. माय म्हणे, "हळू गं, चिकटलंय."
लिहवत न्हाई.

३, सोम.
मॅनेजरला धरलं. म्हणे, "अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होतंच असं, ताई." होतंच! दोन-दोन तासाला कूस बदलू, असं बोलूनच घेतलं ना ठेवून? मेल्या, तुझी माय असती तर?
कामवाली मावशी जिन्यात रडली. वीस बायांमागं ती एकटी, वळवायला दोघी लागतात. "सायबानं सांगितलंय, रविवारी पाय धुवून तेल लावा. लेकं पाया पडतात अन् जातात. बाकीचं कोण बघतंय?"
सांजच्याला सुरेशला लई बोलले. "इतके रविवार काय केलंस रे?"
"पाया पडत व्हतो. मायच्या अंगावरची चादर मी कशी उचलू, अक्का? ल्योक हाय मी."
आग लागो त्या लाजेला! पण मी तरी कुठं आल्ते?

५, बुध.
मायला ताप. दवाखान्यात न्यायचं तर फाईल पाहिजे, औषधं त्यात लिहिलेली. फाईल द्यायच्या आधी मॅनेजरनं कागद पुढं केला: मायच्या सेवेबद्दल आमची काही तक्रार न्हाई. सुरेश म्हणे, "अक्का, जल्दी कर." केली सही. हात कसा झडला न्हाई माझा!

९, रवि.
डॉक्टर म्हणतात, हाडापर्यंत गेलंय. भरंल का, आत्ता सांगता येत न्हाई. मी अन् सुरेश वळवतो. पहिल्या दिवशी तो डोळे मिटून घ्यायचा. खेकसले. आता बघून करतो.
दुपारी माय जरा शुद्धीवर. पाणी पिली. म्हणली, "शेजारच्या खाटेवरची गया लई कण्हायची. तिला बी आणलं का हितं?"
न्हाई म्हणले. माय बघतच राह्यली माझ्याकडं.
तोंड बंद करून आले मी, स्वतःच्या सहीनं. तेव्हापासून त्या कागदाची माझ्याकडची झेरॉक्स चारदा वाचली. त्यात फक्त मायचं नाव हाय. गयाबाईचं न्हाई.