एकोणीस वर्षं राहून गेलेली रोवणी

आंधळगाव, ८ ऑगस्ट २०२५

गुरुवार, १७ जुलै २०२५, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ आधीच लिहून ठेवते, कारण पत्राच्या दुसऱ्या पानावर तुला झोप लागते हे मला ठाऊक आहे. निदान अन्यायाची वेळ तरी तुझ्या डोळ्यांखालून जावी.

चि. भूपेंद्र यास निर्मलाताईचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? पुण्याची हवा तुला मानवली असं सूनबाई फोनवर म्हणाली, म्हणजे तू तिथे दिवसभर लोळत असणार. लोळ. इथे तू सुरू करून दिलेल्या मंडळात तुझ्या सख्ख्या बहिणीवर काय प्रसंग गुजरला, त्याची तुला काय पर्वा? माझी प्रकृती उत्तम आहे. गावाला मात्र मी आजारी आहे असं वाटतं. त्याचं कारण पुढे येईल.

मूळ गुन्हेगार तू आहेस हे आधी मान्य कर. बंद भातगिरणीच्या ओट्यावर दर गुरुवारी छंदवाल्या माणसांनी जमायचं, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, इथपर्यंत तुझी कल्पना ठीक होती. पण जो तो आपल्याच छंदाचं दळण दळतो आणि दुसऱ्याचं कोणी ऐकत नाही, म्हणून वर्षातून एकदा पंधरा दिवस आपली आवडती वस्तू चिठ्ठी टाकून दुसऱ्याच्या घरी पाठवायची, ही अदलाबदल तुझ्याच डोक्यातून निघाली. आणि नियम करून तू पुण्याला पसार झालास. यंदा ब्यूटी पार्लरवाल्या रीताची दुर्बीण मारोतरावांकडे गेली. त्यांनी पंधरा दिवस चंद्र पाहण्याच्या आशेने ढग पाहिले आणि सर्दी करून घेतली. मारोतरावांची कुलपं चंद्रभागाबाईंकडे गेली. (ते फक्त किल्ली हरवलेलीच कुलपं जमवतात, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. तिने त्यातलं एक सुनेच्या कपाटाला लावून पाहिलं. पुढचं तुला कळलंच असेल.) चंद्रभागाबाईंची क्रोशाची सुई रीताकडे गेली. आणि माझं वडाचं बोन्साय गेलं टेकचंदकडे.

टेकचंद म्हणजे बोडीकाठच्या (तुझ्या पुण्याच्या भाषेत तळ्याकाठच्या) शेतीवाला, दंडारीच्या नाटकांत पेटी वाजवणारा, मनाने सरळ आणि हाताने त्याहून सरळ. त्याची पेटी माझ्याकडे आली. मी तिच्यावर रोज फडकं मारत होते, रेशमी झाकण घालत होते, पालीपासून जपत होते. दुसऱ्याची वस्तू कशी सांभाळावी हे आम्हाला मिशनच्या शाळेत सिस्टरांनी छडी घेऊन शिकवलं आहे.

तर त्या गुरुवारी सगळे वस्तू परत घेऊन आले. टेकचंद बोन्सायची माझी निळी बशी घेऊन आला. चिंचेने घासून लख्ख केलेली. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून तिच्यात कोवळे वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, सोलून, बारीक चिरून भरलेले. वड नाही. मी विचारलं, झाड कुठे आहे? तर तो असा हसला, की जणू माझ्या मुलीचं लग्न त्यानेच जमवलं आहे.

"बाई, तुमच्या झाडाले मोकळं करून देल्लो जी. बोडीच्या पाळीवर लावलो. शेणखत टाकलो. एवढ्याशा बशीत जीव घुसमटून राहिला होता त्याचा."

मी त्याला मध्येच तोडलं. (बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी मध्येच तोडलेल्या बाईची सवय जात नाही.) म्हटलं, अरे, ते मी एकोणीस वर्षं जपलेलं झाड आहे.

तो खरंच हळहळला. "एकोणीस साल? अन् रोवणी राहूनच गेली? मले पहिलेच सांगा लागत होतं ना बाई! पऱ्हे टाकले का उपटून बांधीत रोवाच लागतेत. पऱ्ह्यातच ठेवलं तं धान होते का?" (म्हणजे माझा वड त्याच्या लेखी भाताचं रोप, उपटून चिखलात लावायचं राहून गेलेलं!)

मग त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात मी फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळलेली तांब्याची तार होती, नीट सोडवून वेटोळं केलेली. "हे काहून बांधलं होतं जी? कोनी पोट्ट्यानं खोडी केली का?"

मारोतराव म्हणाले, "तरी म्हणलं, वड असा आजारी काहून दिसते." चंद्रभागाबाई म्हणाली, "आता पोरीले सासर भेटलं." भूपेंद्र, तू त्या झाडाला कुपोषित बाळ म्हणायचास, तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. इथे तर अख्खा ओटाच तुझ्या बाजूचा निघाला.

मी उभी राहिले आणि शुद्ध इंग्रजीत मंडळाचा राजीनामा दिला. (सिस्टर म्हणायच्या, राग आला की इंग्रजीत बोला, व्याकरण सांभाळताना राग निम्मा होतो. माझा झाला नाही.) विश्वास, मालमत्ता, संस्कृती अशा सगळ्या मुद्द्यांना स्पर्श करून मी शेवटी नमस्कार केला. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मारोतरावांना वाटलं, मी टेकचंदचे आभार मानले. रीता म्हणाली, "बाई, तुम्ही बोलता तेव्हा ऐकतच राहावं वाटते. समजत नाही, ते सोडा."

तेव्हापासून तीन गुरुवार मी गेलेले नाही आणि माझा राजीनामा कोणालाच ठाऊक नाही. निर्मलाबाई येत नाहीत म्हणजे आजारी आहेत, असं ठरलं. चंद्रभागाबाई रोज गुळवेलीचा काढा पाठवते. मी तो जास्वंदीला घालते, जास्वंद मरायला टेकली आहे. मारोतराव फाटकाशी उभे राहून, खिडकीकडे पाहून, हळूच विचारतात, "बाई, काही लागते का?" रीता गुरुवारची माझ्या वाटणीची भजी आणून देते आणि ओट्यावरच्या सगळ्या गप्पा सांगत बसते. (काल वाद होता, शनीची कडी मोठी की चंद्रभागाबाईच्या हातातली. मी असते तर एका वाक्यात मिटवला असता.)

पेटी मी परत केलेली नाही. ती ओलीस आहे. ओलीस ठेवलेल्या वस्तूला गंज लागू नये म्हणून संध्याकाळी थोडी वाजवते, शाळेतल्या प्रार्थनेच्या चाली अजून बोटांत आहेत. परवा टेकचंद कुंपणाबाहेरून जाता जाता ओरडला, "बाई, भाता हळू मारा जी! पेटी हाय, सायकलीचा पंप नोहे!" आणि तिथेच चिखलाच्या पायांनी उभा राहून हाताने ताल देत राहिला. ओलीस माणसं सोडवायला येणारे असे वागतात का?

मागच्या रविवारी मी खुरपं, छत्री आणि निळी बशी घेऊन बोडीवर गेले. माझी मालमत्ता खणून आणायचा मला पूर्ण हक्क आहे. पाळीवर, तळ्याच्या बांधावर, वड सापडला. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून त्याच्याभोवती बाभळीच्या काट्या रोवल्या होत्या, आणि रोवणीच्या दिवसांत पहिल्या बांधीला, भाताच्या खाचराला, वाहतात तसं हळद-कुंकूही वाहिलेलं होतं. भूपेंद्र, माझ्या बशीत त्याची पानं अंगठ्याच्या नखाएवढी असायची. आणि ती तशी राहावीत म्हणून मी किती मेहनत घेत होते! आता टोकाला दोन नवी पानं आली आहेत. तळहाताएवढी. लाल, लुसलुशीत, लाज सोडल्यासारखी. मी छत्री मिटवून पाहत उभी राहिले. मग खुरपं पिशवीत घातलं आणि परत आले. चिखल फार होता, एवढंच कारण.

तू संस्थापक आहेस, म्हणून या प्रकरणाचा निकाल तूच द्यायचा आहेस. तपशील ताज्या कलमात देते.

तुझी संतप्त,
निर्मलाताई

ता. क. १: निकाल असा लिही. "तुझा राजीनामा नामंजूर. मंडळात ताबडतोब हजर हो. हा संस्थापकाचा आदेश आहे." माझ्या मनाने गेले असं व्हायला नको, आदेश आला म्हणून गेले असं व्हायला हवं. राजीनामा कोणालाच समजला नव्हता, हे तू लिहू नकोस. ते मला माहीत आहे.

ता. क. २: पुण्यात झाडांभोवती बसवायची लोखंडी जाळी चांगली मिळते म्हणतात. माणसाएवढ्या उंचीची पाठव. लहान नको, वड वाढणार आहे. आणि टेकचंदला मी सांगितलेलं नाही, तेव्हा तूही फोन करून सांगू नकोस.

ता. क. ३: उत्तर लेखी हवं, फोन चालणार नाही. गुरुवार, २१ ऑगस्टला दुपारी चारच्या आत ते माझ्या हातात पडलंच पाहिजे. मंडळी साडेपाचला जमतात हे मला ठाऊक आहे, पण वाटेत बोडीवरून जायचं, तर घरून चारलाच निघावं लागतं, आणि या वेळी हातात पेटीही असेल.