आम्हाला राजूरला कुणी नेलं

बाई, आज मी आपल्या कॉलेजात गेले होते आणि भर सभेत भांडून आले. घरी येऊन चहा टाकला, तो उकळून कडू झाला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण हा राग दुसऱ्या कुणाला सांगावासा वाटत नाही. भूशास्त्र विभागाच्या आपल्या जुन्या प्रमुखांचा सत्कार होता. त्यांच्या नावाने निधी सुरू केलाय, भूशास्त्र शिकणाऱ्या मुलींना फील्डवर जाता यावं म्हणून. इथवर मीही टाळ्या वाजवत होते. मग सूत्रसंचालक म्हणाले, "नव्वदच्या दशकात मुलींना पहिल्यांदा डोंगरावर नेण्याचं धाडस सरांनी दाखवलं." आणि सर मान हलवून हसले. बाई, ते हसले!

मला ती दुपार लख्ख दिसते. तुम्ही मला सोबत घेऊन त्यांच्या खोलीत उभ्या आहात. सर मान वर न करता म्हणतात, "सहल राजूरला जाईल ती मुलांची. मुलींना पेटीतले दगडांचे नमुने दाखवा, मार्कांचं मी बघतो." तुम्ही म्हणता, "पेटीत तुकडा असतो सर, डोंगर नसतो." त्यावर ते म्हणतात, "वेगळी गाडी, वेगळा मुक्काम, वर जबाबदारी. कॉलेजकडे पैसे नाहीत. आणि लग्न झाल्यावर या काय हातोडा घेऊन फिरणार आहेत?" माझे वडील जामखेडकडच्या विहिरी खोदणाऱ्या टोळीत होते. खाली पाण्याऐवजी नुसता काळा पाषाण लागला की विहीरमालक सगळा राग त्यांच्यावर काढायचा. जमिनीच्या पोटात काय आहे ते कळावं म्हणून मी हा विषय घेतला होता. ते सांगायला मी तोंड उघडलं, तर तुम्ही माझा हात दाबलात. "पैसे मी उभे करते," एवढंच बोललात. बाहेर आल्यावर मात्र मला झापलंत, "रडवेलं तोंड करून उभी राहू नकोस. त्यांना तेच बघायचं असतं."

त्यानंतर प्रत्येक रविवारी तुमच्या मोपेडवर मागे बसून मी नगरभर हिंडले. लोक दार किलकिलं करून वर्गणी कशाची ते विचारायचे आणि भूशास्त्र हा शब्द ऐकून हसायचे. रस्त्यांची कामं घेणारा तो ठेकेदार तर खुर्चीत रेलून म्हणाला, "पोरी दगड फोडणार? आवो बाई, आमच्या कामावर खडी फोडायला लई बायका हायेत की!" तुम्ही उठलात. "तेच म्हणते मी. उन्हात खडी फोडते तेव्हा ती बाईमाणूस आहे हे कुणाला आठवत नाही. दगड शिकायला निघाली की लगेच आठवतं." त्याने काही दिलं नाही. दिलं ते बायकांनी. शाळेतल्या शिक्षिकांनी दिलं, शिवणवर्गातल्या मुलींनी दिलं. दवाखान्यातल्या एका वयस्क सिस्टरने तर आधी दरडावूनच विचारलं, "डोंगरावर पोरींना आडोसा लागंल, त्याचं काय केलंय?" ते आपल्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने आत जाऊन जाड सतरंजी आणि दोरी आणून दिली. इतक्या दिवसांत आमच्या गरजेचं विचारणारी ती पहिली.

आणि मग राजूर. मुक्काम शाळेच्या एका वर्गात. सकाळी चढ चढून आपण एका कड्यापाशी येतो. खाली काळा खडक, वर काळा खडक, मधे तांबड्या मातीसारखा पट्टा. एक लाव्हा थंड झाला, त्याची माती झाली, मग त्यावर दुसरा आला, हे तुम्ही वर्गात कितीदा शिकवलेलं. पण इथे तुम्ही तळवा त्या पट्ट्यावर टेकवून नुसत्या उभ्या राहता. आम्हाला वाटतं, दम लागला असेल. मग एकदम माझ्यावर खेकसता, "बघतेस काय? मार हातोडा. दगडापुढे कसली लाज?"

त्या हातोड्यावर माझी नोकरी लागली. भूजलाच्या कामासाठी मी आजही गावोगाव फिरते. तुम्ही ते बघायला राहिल्या नाहीत. तुमच्या दिवसांना आले होते तेव्हा तुमच्या धाकट्या बहिणीने सांगितलं, "ताई कॉलेजात शिकत होती तेव्हा तिला एकाही सहलीला नेलं नव्हतं. पेटीतले दगड बघूनच ती पहिली आली. राजूरचा डोंगर तिचा पहिलाच."

म्हणून आज मला गप्प बसवेना. उभी राहून म्हणाले, "आम्हाला सरांनी नेलं नाही. सर नको म्हणाले होते. आमच्या बाईंनी दारोदार फिरून नेलं." कुणीतरी "मॅडम, नंतर बोलू" म्हणत माईककडे धावलं. सर म्हणाले, "त्या वेळी परिस्थितीच तशी होती." मी म्हणाले, "परिस्थिती तुम्ही होतात, सर." निधीचं नाव काही बदलणार नाही, पाटी कोरून झालीय. त्या पैशातून मुली डोंगरावर जाणार असतील तर जाऊ देत, पण तुमचं नाव पुसून कुणी चांगुलपणा मिरवायचा नाही. पायऱ्या उतरत होते तर शेवटच्या वर्षाची एक मुलगी मागून धावत आली. "मॅडम, मला तुमच्यासोबत फील्डवर येऊ द्याल?" तिला सोमवारी मिरजगावला बोलावलंय. उन्हाची टोपी आण म्हटलं, आणि घरून कुणी नको म्हणालं तर माझ्याशी बोलायला लाव.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. मी तुमच्यावरही रागावलेय, बाई. त्या कड्यापाशी तुम्ही आम्हाला सांगायचं होतं, की हा तुमचाही पहिलाच डोंगर. आम्ही हसलो नसतो.