ओढणीची गाठ
चाकूर, मंगळवार, संध्याकाळ

आजही बुद्धविहारात योगाला गेले ती पोटावर ओढणी घट्ट बांधूनच. दोन बाळंतपणांनंतरचं हे पोट मी बारा वर्षं आत ओढून धरलंय. शाळेत शिकवताना, फोटोत, अगदी घरात एकटी असतानाही! कुणासाठी, देव जाणे.

योगाच्या मॅडम म्हणाल्या, उताणं झोपा, श्वास घेताना पोट फुगू द्या. माझं फुगेचना. श्वास घेतला की उलट आतच जायचं. साधा श्वाससुद्धा घेता येऊ नये मला?

शेजारी शांतामावशी होत्या, दिवसभर सोयाबीन खुरपून थेट आलेल्या. त्यांनी सरळ माझ्या ओढणीची गाठ सोडली, आपला खरबरीत हात पोटावर ठेवला नि मोठ्यानं म्हणाल्या, "लई धरून ठिवलंस! सोड की गं पोरी, कुणी घेऊन न्हाई जात तुझं पोट!"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले आणि हसता हसता पोट सुटलंच. काय गार वाटलं!

घरी आल्यावर मावशींचा फोन. "ओढणी हितंच राहिली बग, आणून देऊ?"

म्हणलं, राहू द्या मावशी, तिथल्या खिडक्या पुसायला होईल.