लागतंय का?

मिरज, मंगळवार, ११ नोव्हेंबर १९९७

काल किती खूश होतो मी! द्राक्षांची पुठ्ठ्याची खोकी दुमडणारं माझं यंत्र कॉम्प्युटरवर सबंध दिवस फिरवून पाहिलं. एकही भाग दुसऱ्याला धडकला नाही. धडक झाली की तो भाग पडद्यावर लाल होतो. काल लाल काही दिसलंच नाही.

आमचे जुने फिटर तातोबा खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "सायेब, कुटं लागतंय का?"

"कुठंच लागत नाही, तातोबा."

"आन् हाताला?"

मी हसलो. का हसलो? चित्रात हात होताच कुठे! कॉम्प्युटरला मी विचारलंच होतं फक्त लोखंडाला लोखंड लागतं का, एवढं.

आज खऱ्या यंत्राच्या चाचणीला पॅकिंगच्या कामगार शेवंताबाई पुठ्ठा ठेवत होत्या. पुठ्ठा दुमडणारा दांडा खाली आला आणि त्यांचं बोट चेचलं. दवाखान्यात टाके पडत असताना त्या मलाच समजावत होत्या, "आवं सायेब, माजीच चूक. हात काडाया उशीर झाला."

त्यांची चूक?

संध्याकाळी पुन्हा कॉम्प्युटर लावला. शेवंताबाई पुठ्ठा ठेवतात त्या जागी हाताएवढा एक साधा ठोकळा काढला आणि यंत्र फिरवलं. पहिल्याच फेरीत ठोकळा लाल झाला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. काल का नाही केलं?

तातोबा मागेच उभे होते. मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

म्हणालो, "लागतंय."